गाऱ्हाणे कोणासाठी?

३ जून २०२० रोजी भर दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने काही तासांत दक्षिण रायगडची आणि दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीची रया घालवली. कौले फुटली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि करोनाच्या टाळेबंदीने आधीच मेटाकुटीला आलेली कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्या दिवसांत दोन वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. 'देवाची करणी, तिथे माणसाचे काय चालणार?' हे एक, आणि 'कोकणी माणूस सोशिक, तो पुन्हा उभा राहील' हे दुसरे. पहिले श्रद्धेचे वाटते, दुसरे कौतुकाचे. दोन्ही चांगल्या मनाने बोलली जातात, तरी दोन्हींचा परिणाम एकच होतो. पहिल्या वाक्यात सगळा भार देवावर जातो, दुसऱ्यात तो ज्याचे घर पडले त्याच्याच डोक्यावर येतो आणि या दोघांच्या मध्ये असलेले आपण सगळे मोकळे सुटतो. आपत्तीनंतर धर्माने काय करावे, हा प्रश्न मला इथून सुरू झालेला दिसतो. माझे म्हणणे असे आहे, की संकट का आले हे सांगणे हे धर्माचे काम नाही आणि संकटग्रस्ताच्या सहनशीलतेची आरती करणे हेही नाही. कोण कोणाला बांधील आहे, हे संकट येण्याआधीच पक्के करून ठेवणे हे त्याचे काम आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या एखाद्या लहान गावाच्या धर्माची परीक्षा करायची तर तो धर्म आपल्या हिशेबात किती माणसे धरतो, हे पाहावे लागते.

देवाची करणी कुठे संपते आणि माणसाची कुठे सुरू होते, हे श्रीवर्धनच्या वाडीइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. इथली वाडी एकावर एक थर रचल्यासारखी असते. वर माडांची सावली, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेला मिरीचा वेल, मधल्या जागेत जायफळ आणि केळी. वादळाने माड उन्मळले, पोफळी मधूनच मोडल्या आणि त्यांच्यासोबत वेलही गेले. उद्या सकाळी नवे रोप लावले की झाले, असे इथे होत नाही. पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावून सावली उभी करायची, मग रोप लावायचे, मग सहा-सात वर्षे फळाची वाट पाहायची आणि पुरते उत्पन्न हाती यायला त्याहूनही अधिक थांबायचे. इथपर्यंत निसर्गाचा नियम. पुढे माणसाचे सुरू होते. नुकसानभरपाई आधी ठरली ती हेक्टरी ५० हजार रुपये. देशावरच्या शेताला हे माप चालते. कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजली जाते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला जेमतेम ५०० रुपये. दहा गुंठ्यांची वाडी भुईसपाट झालेल्या कुटुंबाला पाच हजार. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली : नारळाला २५० रुपये, पोफळीला ५०. शिवाय पैसे जाणार सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्यांना. कोकणातल्या सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनचे सहहिस्सेदार असतात आणि त्यातले निम्मे मुंबईत. उलट ज्याने त्या वाडीचे शिंपणे केले, झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवली, त्या मजुराचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. त्याचे एकही झाड पडले नाही, कारण त्याचे एकही झाड नव्हते; पडली ती त्याची पुढच्या दहा वर्षांची मजुरी. वारा देवाने पाठवला असे म्हणणाऱ्यालाही गुंठ्याला ५०० रुपयांचा दर देवाने ठरवला असे म्हणता येणार नाही.

हा भेद नवा नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, प्रार्थनेला लोक जमलेले असताना लिस्बन शहर भूकंपाने, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झाले. जे घडते ते भल्यासाठीच, या आश्वासनावर व्होल्तेरने त्या निमित्ताने कवितेतून हल्ला चढवला. पुढच्या वर्षी रूसोने त्याला पत्र लिहून वेगळाच मुद्दा काढला : सहा-सहा, सात-सात मजली घरे इतकी दाटीवाटीने निसर्गाने बांधलेली नव्हती. देव दयाळू की क्रूर या वादातून रूसोने प्रश्न बाहेर काढला आणि गावरचनेपाशी आणून ठेवला. परंतु रूसोपाशी थांबता येत नाही. माणसाची जबाबदारी आहे हे त्याने दाखवले. ती जबाबदारी माणसाच्या मनाला कशी बांधायची, हे राहिले. तिथे आपल्याकडचा एक वाद अधिक उपयोगी पडतो.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारला प्रचंड भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असे ते म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे कडवे विरोधक. तरीही, किंवा म्हणूनच, ते अस्वस्थ झाले. भौतिक उत्पातांची कारणे भौतिक घटनांतच शोधली पाहिजेत, नैतिक तत्त्वाची सांगड सृष्टीच्या घडामोडींशी घालणे अविवेकाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. गांधीजींनी ती १६ फेब्रुवारीच्या 'हरिजन'मध्ये छापली आणि आपल्या श्रद्धेचे समर्थनही केले. रवींद्रनाथांनी एक धोका नेमका हेरला होता : असली तर्कपद्धती गांधीजींच्या विरोधकांनाच जास्त सोयीची आहे. तसेच झाले. अस्पृश्यता मोडायला निघालात म्हणूनच भूकंप झाला, असे सनातनी सांगत होतेच. एकदा संकटाला शिक्षा म्हटले की गुन्हा कोणता हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो आणि मोठा आवाज बहुधा दुबळ्याकडे बोट दाखवतो. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचेह प्रांतात काही धर्मोपदेशकांनी लाटेचा दोष बायकांच्या वागणुकीवर टाकला. तेव्हा कार्यकारणभावाच्या प्रश्नावर मी निःशंकपणे रवींद्रनाथांच्या बाजूने आहे.

पण गांधीजींच्या म्हणण्यात एक गोष्ट अशी होती की जी रवींद्रनाथांच्या उत्तराने मिटत नाही. संकट कोसळल्यावर आपण कोणाशी कसे वागत आलो याचा हिशेब समाजाने मांडला पाहिजे, ही ती गोष्ट. भूकंपाचे कारण अस्पृश्यता नव्हती. मात्र भूकंपानंतर कोणाच्या विहिरीवर कोणाला पाणी मिळेल, कोणत्या छावणीत कोणाला जागा मिळेल, हे अस्पृश्यताच ठरवणार होती. गांधीजींनी बाण चुकीच्या क्षणावर मारला : संकटाच्या आधीच्या पापाकडे त्यांनी कारण म्हणून पाहिले, तर ते पाप खरे दिसते ते संकटाच्या नंतर. पुढे ते स्वतः बिहारमध्ये गावोगाव फिरले, मदतकार्यात राहिले. माझ्या लेखी त्यांच्या विधानापेक्षा त्या दौऱ्यात अधिक धर्म आहे.

यावर श्रद्धावान वाचक म्हणेल, की कारण आणि जबाबदारी वेगळी करणे सोपे आहे, पण मनाला 'का' विचारल्यावाचून राहवत नाही. ते खरे आहे, आणि 'का'ची उत्तरे कशी कोसळतात हे पाहायला वेलंकणीइतके कठीण ठिकाण नाही. तमिळनाडूच्या नागपट्टिणम जिल्ह्यातले हे मातेचे ख्रिस्ती तीर्थस्थान; मुंबई-वसईहूनही तिथे भाविक जातात. २६ डिसेंबर २००४ हा नाताळनंतरचा रविवार. लाटा आल्या तेव्हा जे मंदिरात उपासनेत होते ते वाचले, पाणी गाभाऱ्यापर्यंत पोहोचले नाही. आणि जे त्याच मातेच्या दर्शनाला आलेले होते, पण त्या घटकेला किनाऱ्यावर होते, त्यांतले शेकडो गेले. मंदिर वाचले ही कृपा म्हणावी, तर वाळूवरच्या लेकराला ती का मिळाली नाही? मरणाऱ्यांचे काही चुकले असेल म्हणावे, तर असे म्हणणाराच अधर्म करतो. आपल्याकडे यावर कर्मसिद्धान्त पुढे केला जातो : ज्याचे त्याचे प्रारब्ध. त्या सिद्धान्ताचे खरेखोटे करण्याची ही जागा नव्हे. त्याला मानणाऱ्याला एवढेच सांगावेसे वाटते, की दुसऱ्याचे प्रारब्ध त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम आपल्यावर सोपवलेले नाही. बुडणारा माणूस समोर असताना त्याचे संचित काय असेल याचा विचार करणे हे आपल्या वाट्याचे कर्म नाही. दोर टाकणे हे आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहून कर्मसिद्धान्ताच्या देशात कर्मयोगाची बाजू इतक्या जोराने मांडली, ती दैवाच्या नावाने हात बांधून बसण्याविरुद्धच होती.

मराठी भक्तिपरंपरेने आपत्तीबद्दल काय लक्षात ठेवले आहे, ते पाहावे. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण निघाली की मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. दुष्काळ का पडला याची मीमांसा त्या कथेत नाही. बादशहाच्या कोठारांची दारे उपाशी रयतेसाठी उघडलेली आहेत. आणि त्या कोठारांचा हिशेब चुकता करायला विठ्ठल बिदरला गेला तो कुठल्या रूपात? विठू महार होऊन. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्याचे रूप घेऊन देव राजदरबारात उभा राहतो, असे या परंपरेने सांगून ठेवले आहे, आणि ते जपून ठेवावे असे तिला वाटले. तुकोबांचेही तसेच. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांच्या घरची माणसे गेली, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी काय केले म्हणून परंपरा सांगते? सावकारीच्या खतांतला आपल्या वाट्याचा अर्धा भाग इंद्रायणीत सोडला. इतिहासाच्या काट्यावर या कथांचे वजन किती भरेल हा वेगळा प्रश्न. समाज ज्या गोष्टी पिढ्यान्पिढ्या सांगत राहतो त्यांतून त्याची धर्माची व्याख्या कळते, आणि इथे ती कोठार उघडणे आणि कर्ज सोडणे अशी आहे. वाडी गमावलेल्या माणसाच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज असते, तेव्हा तुकोबांची ती कृती केवळ कीर्तनाचा विषय राहत नाही.

आता कोकणातल्याच एका प्रथेकडे येतो. मालवण तालुक्यातल्या आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत ठरावीक वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवतेचा कौल मिळाला की सगळे गाव घरदार सोडून शिवेबाहेर जाते. सगळे म्हणजे सगळे : म्हातारी माणसे, तान्ही मुले, आजारी, गुरे, कोंबड्या, कुत्री. शिवेपलीकडे झावळ्यांच्या राहुट्या पडतात, तिथेच चुली पेटतात, आणि साधारण तीन दिवस तीन रात्री गाव ओस राहते. परत यायचे तेही कौल घेऊनच. आचऱ्यात मुसलमान कुटुंबेही यात सामील होतात. ही प्रथा का पडली याच्या अनेक कथा आहेत. कोणी भुताखेतांचे सांगते, कोणी गाव देवांना मोकळा करून देण्याचे. वादळ किंवा पूर डोळ्यांसमोर ठेवून कोणा शहाण्या पूर्वजाने ती सुरू केली, असा दावा मी करणार नाही. तशा दाव्याला पुरावा नाही आणि प्रत्येक रूढीत विज्ञान शोधण्याची सवय मला मान्य नाही. मात्र या प्रथेने काय साधते ते डोळ्यांसमोर आहे. चक्रीवादळाचा इशारा आल्यावर सरकारी यंत्रणेला सगळ्यात अवघड जाते ते हेच : माणसाला घर सोडायला लावणे. गुरांचे काय, घराला कुलूप पुरेल का, शेजारी गेला नाही मग मी का जाऊ, बिछान्यावरच्या बापाला कोण उचलणार, या प्रश्नांशी अडून माणसे थांबतात आणि बुडतात. गावपळणीत हे सगळे प्रश्न दर काही वर्षांनी सुटतात, आणि पोलिसाशिवाय सुटतात. म्हाताऱ्याला कोण उचलणार हे ठरलेले असते. कोणाच्या घरात चोरी होण्याची भीती नसते, कारण मागे कोणी राहिलेलेच नसते. बांधिलकी ही ऐन वेळी सुचणारी भावना नसून आधी घटवून ठेवावी लागणारी सवय आहे, हे इथे दिसते.

गाऱ्हाण्यातही हेच आहे. दक्षिण कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात ते एकट्याचे नसते. गावाच्या वतीने एक जण बोलतो आणि जमलेले लोक एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यात मुंबईला गेलेला चाकरमानी येतो, वाटेवरचा येतो, गुरेढोरे येतात. कोणाचे काही चुकले असेल तर पदरात घे, असे म्हटले जाते, पण चुकणाऱ्याचे नाव घेतले जात नाही. चूक सगळ्यांची मिळून असते. लाटेचे कारण शोधत बायकांवर बोट रोखणारा तो उपदेश आणि हे गाऱ्हाणे, दोन्ही धर्माच्याच नावाने होतात. एकात देवाच्या वतीने माणसांना दोष दिला जातो, दुसऱ्यात सगळ्या माणसांच्या वतीने देवाशी बोलले जाते. त्यातले दुसरे संकटात उपयोगी पडते, हे सांगायला फार युक्तिवाद लागू नये.

इथे विवेकवादी वाचकाचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणसे वाचतात ती उपग्रहांमुळे, हवामान खात्यामुळे, पक्क्या निवाऱ्यांमुळे; कौल आणि गाऱ्हाणे यांचे त्यात काय? ओडिशाचे उदाहरण त्याच्या बाजूने आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. वीस वर्षांनी, ३ मे २०१९ रोजी, फनी चक्रीवादळ आले तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधीच हलवले होते आणि राज्यातला मृत्यूंचा आकडा ६४ वर थांबला. हे अचूक पूर्वसूचनेचे आणि निवाऱ्यांचे यश आहे, त्याला दैवी म्हणणे हा त्यामागच्या कष्टांचा अपमान ठरेल. पण बारा लाख माणसे उपग्रहाच्या चित्राने हलत नाहीत. गावातल्या समितीतली ओळखीची माणसे दार वाजवतात, तेव्हा हलतात. आणि यंत्रणा पोहोचण्याइतका वेळच नसेल, तर? सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ साली त्सुनामी आली होती. तिची आठवण बेटवासीयांनी 'स्मोंग' या एका शब्दात आणि गाण्यागोष्टींत सांभाळली : मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये केंद्रबिंदू जवळ असल्याने लाट काही मिनिटांत पोहोचली. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सात माणसे दगावली. तिथे इशारा देणारे यंत्र नव्हते, आजीने नातवाला सांगितलेली गोष्ट होती. स्मोंगमध्ये देवाचे काही नाही, हे विवेकवाद्याने जरूर नोंदवावे, मीही नोंदवतो. माझा आग्रह मंत्रतंत्रावर नाही. पिढ्यांमधली बांधिलकी जपणारी गोष्ट गावाजवळ असली पाहिजे, एवढाच आहे. कोकणात ती बहुतेक ठिकाणी ग्रामदेवतेभोवती गुंफलेली आहे, आणि ती उपटून टाकली तर तिच्या जागी काय लावणार, याचे उत्तर देण्याची जबाबदारी उपटणाऱ्यावर येते.

याहून कठीण आक्षेप दुसरा आहे आणि त्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकेन असे मला वाटत नाही. जी गावकी संकटात सावरते तीच गावकी माणसाला वाळीत टाकते. याच रायगड जिल्ह्यातून सामाजिक बहिष्काराच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या. कोणी निवडणुकीत गावकीच्या मताविरुद्ध उभा राहिला, कोणी जातीबाहेर लग्न केले, कोणी गावकीचा दंड भरला नाही. त्या घराशी बोलायचे नाही, दुकानातून सामान द्यायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. शेवटी राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला आणि तो २०१७ च्या जुलैमध्ये अमलात आला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, ही भूषणाची बाब जितकी आहे तितकीच त्या कायद्याची गरज पडली ही लाजेची. वाळीत टाकलेल्या घराचे छप्पर ३ जूनच्या वाऱ्यात उडाले असेल, तर त्याच्यावर ताडपत्री बांधायला कोण चढणार? एकीचे गुण गाताना हा प्रश्न वगळणे हा अप्रामाणिकपणा आहे.

२००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर हे मोठ्या प्रमाणावर दिसले. जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. मच्छीमारांच्या गावपंचायतींनी विलक्षण शिस्तीने काम केले : याद्या केल्या, मदत वाटली, सरकार आणि संस्था यांच्याशी बोलणी केली. अभ्यासकांनी पुनर्वसनाच्या वेगाचे श्रेय या पंचायतींना दिले आहे. पण त्याच याद्यांत किनाऱ्यालगत राहणारे दलित बहुधा नव्हते. त्यांच्याकडे होड्या नव्हत्या, ते मासळी वाहत, साफ करत, शेतावर राबत. होडी बुडाली नाही म्हणून त्यांचे काही बुडाले नाही, असे धरले गेले. विधवांना पंचायतीत आवाज नव्हता. आणि चिखलातून प्रेते उचलायला ज्यांना ठिकठिकाणांहून आणले गेले ते बव्हंशी दलित सफाई कामगार होते. म्हणजे मृतांच्या सेवेत ते पहिले आणि जिवंतांच्या यादीत शेवटचे. डॅनियल आल्ड्रिच या अभ्यासकाने टोकियो, कोबे, तमिळनाडू आणि न्यू ऑर्लीन्स यांच्या सावरण्याचा अभ्यास करून काढलेला निष्कर्ष हाच आहे, की लोकांमधली घट्ट नाती गावाला लवकर उभे करतात आणि त्याच घट्टपणाने परक्याला बाहेर ठेवतात. टोकियोच्या १९२३ च्या भूकंपानंतर तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गस्तीपथकांनी अफवांवर विश्वास ठेवून कोरियन लोकांची कत्तल केली होती. संकट माणसाला आपोआप शुद्ध करते, ही समजूत सोडलेली बरी. २००४ च्या त्याच त्सुनामीनंतर आठ महिन्यांच्या आत आचेहमध्ये तीन दशकांचा सशस्त्र संघर्ष शांतता करारावर येऊन थांबला, आणि श्रीलंकेत मदतीच्या वाटपाबाबतची बोलणीही फिसकटली आणि पुढे युद्ध पुन्हा भडकले. लाट एकच होती.

म्हणून गावकी मोडून काढावी, असे मात्र मला वाटत नाही. नाती विस्कटलेल्या वस्तीला कायदा वाचवत नाही; तो उशिरा येतो आणि कागद मागतो. गावकीला तिच्याच शब्दांनी धरावे लागेल. गाऱ्हाण्यात वाटसरू येतो, गुरे येतात, तर वाळीत टाकलेले घर कोणत्या न्यायाने बाहेर राहते? गावपळणीत कोंबडीही मागे ठेवत नाहीत, तर कातकरी वाडी निवाऱ्याच्या यादीत का नाही? देव विठू महार होऊन आला हे ज्या गावात सप्ताहात सांगितले जाते, त्या गावात हे प्रश्न बाहेरचे नाहीत. ते त्या श्रद्धेच्या पोटातूनच निघतात, आणि म्हणून त्यांना टाळता येत नाही.

एक शंका उरते, आणि ती ज्यांना धर्म मनापासून हवा आहे त्यांची आहे : असे केल्याने धर्माची केवळ समाजसेवा होऊन जाते, मग देव कशाला? माझ्या मते हा तोटा होत नाही. समुद्रावर गेलेला आणि न परतलेला खलाशी घ्या. देह मिळत नाही. कायद्याच्या गृहीतकानुसार बेपत्ता माणसाला मृत मानायला सात वर्षे लागतात. तोवर विमा अडतो, खाते अडते, बायको ना सधवा ना विधवा. रेशनकार्डावरचे त्याचे नाव कमी करावे की ठेवावे, हेदेखील तिला कोणी धड सांगत नाही. देह न मिळालेल्या मृतासाठी पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिच्यावर अंत्यसंस्कार करण्याचा पालाशविधी आपल्या शास्त्रात आहे. त्या प्रतिमेपुढे चार माणसे जमतात, गेलेल्याचे नाव घेतले जाते, आणि घराला रडायला जागा मिळते. ही समाजसेवा नव्हे आणि हे शासनाला कधी करता येणार नाही. पण तिथेही दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या दारात कोण येते, बोटीच्या मालकाकडे तिच्या नवऱ्याचा हिस्सा मागायला तिच्यासोबत कोण जाते, यावर त्या विधीचा खरेपणा ठरतो. प्रार्थना आणि बांधिलकी यांची फारकत केली की प्रार्थना हवेत विरते.

सोशिकपणाच्या कौतुकाबद्दल आता एवढेच सांगतो. निसर्गनंतर वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांचा हंगाम घेऊन गेले. त्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले आणि महाडजवळ तळिये गाव दरडीखाली गेले. कोकणी माणूस प्रत्येक वेळी उठला हे खरे. त्याला दुसरा मार्ग नव्हता हेही खरे. त्याच्या उठण्याला त्याचा स्वभाव म्हणणे म्हणजे त्याला उठवायला आपण गेलो नाही, या गोष्टीला सुंदर नाव देणे आहे.

दरवर्षी मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, देवळात गावकीची बैठक बसते, पालखीचा जमाखर्च वाचला जातो. त्याच बैठकीत आणखी एक यादी वाचली जावी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेली माणसे, कातकरी वाडीतली घरे, बोटींवर राबणारे नेपाळी खलाशी, भाड्याने राहणारी कुटुंबे, आणि ज्यांच्याशी गावाने बोलणे टाकले आहे ती घरे. प्रत्येक नावापुढे, इशारा आल्यावर त्यांना न्यायला कोण जाणार, त्या माणसाचे नाव लिहावे. यादी पावसाच्या आधी ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे द्यावी. आणि ज्यांची नावे त्यात आहेत त्यांना बैठकीला बोलावून, त्यांच्यासमोर ती वाचावी.